यादीतून गाळलेलं नाव

३ जानेवारी १९९९, रविवार

ही वही राजनभावजींनी आणून दिली. म्हणाले, "वहिनी, रोज कोण आलं, काय बोललं, जाताना हसलं की नाही, सगळं लिहून ठेवा. सहा महिन्यांनी वाचलंत की दुकान कसं चालवायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल." राजनभावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे, सुदेशचे, मावसभाऊ. इथे कुवेतमध्ये शुवैखच्या एका कंपनीत एअर कंडिशनर विकतात आणि संध्याकाळी मार्केटिंगच्या कोर्सला जातात. तिथे शिकतात ते आधी माझ्यावर करून बघतात.

तर दुकानाबद्दल. हवल्लीत, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, मेझनिनवर, म्हणजे तळमजल्यावरच्या बुटक्या मजल्यावर, दोन खोल्या. पुढच्या खोलीत मी मापं घेते, मागे पडद्याआड रफीकमास्तरांचं मशीन. ते मालेगावचे, मी नाशिकची, त्यामुळे पहिल्या दिवसापासून जमलं. कागदोपत्री मालक कुवेती आहे, चालवते मी. बायकांचं दुकान म्हणून दार कायम बंद असतं, बेल वाजवूनच आत यायचं. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, मुलींचे परकर-पोलके.

जागेचा करार जूनअखेर संपतो. सुदेशनं सुरुवातीलाच सांगितलंय, वर्षभर बघू. स्वतःच्या पायावर उभं राहिलं तर ठेवू, नाहीतर गाशा गुंडाळायचा. तो अकाउंटंट आहे, त्याचं बरोबरच असतं. मी मात्र या दोन खोल्यांमध्ये आल्यापासून सकाळी उठताना मला कुठेतरी जायचंय असं वाटतं. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

७ जानेवारी, गुरुवार

रमझान असल्यामुळे दुपारभर शांतता. गिऱ्हाइकांची कार्डं केली. एकेकीचं एक कार्ड. छाती, कंबर, मुंढा, बाहीची लांबी, मागे आवडीनिवडी. चंदाला घट्ट बाही चालत नाही, दर्शनाला गळा खोल हवा पण नवऱ्यासमोर तसं बोलायचं नाही. लिहिताना मजा वाटली. मला बायका पाठ आहेत.

चौसष्टपैकी एकतीस कार्डं एकट्या अक्षदाची देणगी. माझ्या जुईलीला शाळेत गणित शिकवते ती. गेल्या जुलैत माझी पहिली गिऱ्हाईक तीच, आणि ब्लाउज अंगाला बसला तेव्हा सगळ्या टीचर्स रूमला दाखवून आली होती. सप्टेंबरात तिचे मिस्टर गेले. परीक्षित. कामावर असताना छातीत कळ आली. ती त्यांचं पार्थिव घेऊन पुण्याला गेली आणि नोव्हेंबरात एकटीच परत आली. नोकरीचा व्हिसा तिचा स्वतःचा आहे म्हणून राहू शकली.

आज ती आली होती, किती दिवसांनी. पोपटी रेशमी कापड घेऊन. म्हणाली, "लीनाताई, याला कडेनं लाल पाइपिंग. बाही कोपरापर्यंत. जरा चांगला शिवून द्या हं, पहिल्यासारखा." मी हो म्हटलं. ती गेल्यावर रफीकमास्तरांना सांगितलं, पाइपिंग त्याच रंगाचं लावा, पोपटीच. ते म्हणाले, "भाभी, वो तो लाल बोल के गई." मी म्हटलं, बोलली असेल हो, पण घालून कुठे जाणार? बायकांच्या नजरा तिला माहीत नाहीत. आपण सांभाळून घ्यायचं.

तिच्या कार्डावर मागे लिहिलं: 'समारंभाचं निमंत्रण नको.' तिला उगीच टोचायला नको.

१२ जानेवारी, मंगळवार

राजनभावजींची नवी कल्पना: गिऱ्हाइकांना वर्षातून एकदा घरच्यासारखं बोलवायचं, त्या दिवशी काही विकायचं नाही. मला लगेच संक्रांतीचं हळदीकुंकू सुचलं. ते खूश झाले. रमझान आहे तोवर नको, ईद झाली की बावीस तारखेला शुक्रवारी. रथसप्तमीच्या आत बसतंय.

वाण म्हणून टेप. मापाची टेप, प्लॅस्टिकच्या गोल डबीत, डबीवर दुकानाचा फोन नंबर. जुईली म्हणाली, "आई, सगळ्या घरी जाऊन कंबर मोजतील आणि डिप्रेस होतील." पंधराव्या वर्षी जिभेला हाड नसतं.

यादी केली. चाळीस नावं.

२२ जानेवारी, शुक्रवार

पाय सुजलेत, पण मन भरलंय. सदतीस जणी आल्या! बाहेर जिन्यापर्यंत चपला. रफीकमास्तरांना सुट्टी दिली होती, त्यांचं मशीन चादरीखाली आणि वर तिळाच्या वड्यांची ताटं. शाळेतून सोळा जणी. नर्मदाबाईसुद्धा आल्या, प्रायमरीच्या मुख्याध्यापिका. साठीला आलेल्या, करड्या केसांचा घट्ट अंबाडा, कपाळाला टिकली, आवाज असा की बसलेलीनं उभं राहावं. मी त्यांना हळदीकुंकू लावलं, वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि "असू दे" म्हणाल्या.

मध्येच बेल वाजली. मला वाटलं अजून कुणी. दार उघडलं तर अक्षदा. ब्लाउज न्यायला आली होती, तिला आजचं कुठे ठाऊक! अबोली साडी नेसली होती. आतला हसण्याचा आवाज, अत्तराचा वास, चपलांचा ढीग. मी पटकन दार पुढे ओढून स्वतः चौकटीत उभी राहिले. म्हटलं, "अगं आज आत जरा गडबड आहे. थांब हं, तुझं तयार आहे." आत जाऊन पिशवी घेऊन आले आणि दारातूनच दिली. "उद्या निवांत ये ना, चहा घेऊ."

ती म्हणाली, "नाही नाही, मलाही घाईच होती." आणि गेली.

सुटले बाई. आत आली असती तर? मी तिच्यासमोरून करंडा पुढे नेला असता, आणि सगळ्यांच्या देखत तिची काय अवस्था झाली असती! आत सगळ्या गप्प झाल्या होत्या, त्यांनाही कळलं असणार मी कसं निभावलं ते. नर्मदाबाई मात्र लगेच निघाल्या. फराळ तसाच. गुडघे दुखत असतील, आमच्या जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत.

वाणाची डबी विसरून गेल्या. पाठवून द्यायला हवी.

९ फेब्रुवारी, मंगळवार

हळदीकुंकवानंतर गर्दी होईल असं राजनभावजी म्हणाले होते. नाही झाली. थंडी आहे म्हणून असेल.

२७ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस राष्ट्रीय सुट्टीचे, रस्त्यावर झेंडे आणि हॉर्न. महिनाभरात शाळेतून एकही कापड आलेलं नाही. चंदा आली, पण दुकानात नाही, जिन्यात भेटली. शिवायला टाकलेले दोन तुकडे परत मागितले. "आईकडे भारतातच शिवून घेते आता." मार्च-एप्रिलात इथे शिवून जूनमध्ये सुट्टीला जाताना नेतात बायका, उलटं कधी ऐकलं नाही.

तुनिस स्ट्रीटला नवीन टेलर आलाय. दिल्लीचा आहे, काचेचं दुकान आहे म्हणे. तेच कारण असणार.

५ मार्च, शुक्रवार

महाराष्ट्र मंडळाची सहल खैरानला. समुद्र, मुलं, गरम वडे. मी पर्समध्ये पन्नास पत्रकं घेऊन गेले होते: शिलाईत दहा टक्के सूट, तीन ब्लाउजवर एक फॉल-बीडिंग मोफत. वाटायला लाज वाटली, पण वाटली.

शाळेच्या बायका एका चटईवर होत्या. मी गेले तेव्हा सरकून जागा दिली, पण बोलणं थांबलं. दर्शनाला म्हटलं, बरेच दिवसांत आली नाहीस. तर म्हणाली, "हो ना, हल्ली शिवायला वेळच होत नाही." अंगावर कोरा ड्रेस होता. गळ्याची पट्टी उलट बाजूनं दुमडलेली, मुंढ्यात चुणी. रफीकमास्तरांचा हात नव्हे तो. मी बघितलं हे तिनं बघितलं, आणि ओढणी पुढे ओढली.

तिला एवढंच म्हटलं, वडे घे, गरम आहेत.

अक्षदा सहलीला नव्हती.

१४ मार्च, रविवार

वाऱ्यानं सगळीकडे धूळ. खिडकीच्या फटींना ओली फडकी लावून बसलो. रफीकमास्तर दुपारपासून जुन्या कापडावर काजं करत होते, हात चालता राहावा म्हणून. त्यांना पगार मिळेल, पण रिकामं बसणं या माणसाला सहन होत नाही. म्हणाले, "भाभी, दिल्लीवाल्याची शिलाई मी जाऊन पाहिली. आपल्यासारखी नाही. बात शिलाई की नहीं है." मग कशाची, विचारलं तर मान खाली घालून पुन्हा काज.

सुदेशनं रात्री जेवताना कराराचा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

६ एप्रिल, मंगळवार

इथे लोकल फोन फुकट. रोज दहा जणींना फोन करते. "तुमची आठवण झाली" असं म्हणायचं, कपड्याचं नाव काढायचं नाही, हा राजनभावजींचा नियम. शाळेबाहेरच्या काही जणी आल्या खऱ्या. नवीन सहा कार्डं झाली. शाळेच्या बायका फोनवर फार गोड बोलतात. इतक्या गोड की फोन ठेवल्यावर मला पाणी प्यावंसं वाटतं.

अक्षदाला फोन केला नाही. तिचं दुःख ताजं आहे, त्यात मी कुठे धंद्याचं बोलू?

२२ एप्रिल, गुरुवार

आज राजनभावजी दुकानात आले. चहा घेत कार्डं चाळायला बसले. न आलेल्यांची बाजूला काढली तर गठ्ठाच झाला. "वहिनी, हे एकएकटं गेलेलं गिऱ्हाईक नाही. हा घोळका उठून गेलाय. घोळका स्वस्त टेलरकडे जात नाही, काहीतरी झाल्याशिवाय." मग अक्षदाचं कार्ड हातात आलं. उलटून वाचलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"तिनं सांगितलं होतं का, बोलवू नका म्हणून?"

"असं कुणी सांगतं का भावजी? समजून घ्यायचं असतं."

"मग तुम्हाला कसं समजलं?"

मला राग आला. म्हटलं, तुम्ही मशीनं विकता, बायकांच्या मनातलं तुम्हाला काय कळणार! ते हसले नाहीत. म्हणाले, "मला नाहीच कळत. म्हणून मी विचारतो. बोलणी बसतात कधी कधी, पण विचारतो."

जुईली कोपऱ्यात अभ्यास करत होती. वहीतून मान वर न करता म्हणाली, "शी न्यू, आई. अक्षदा मॅम न्यू. हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, वर्गात सगळ्यांच्या आयांनी आणलेल्या टेपच्या डब्या होत्या. कंपासबॉक्समध्ये. मॅमनी एक हातात घेऊन बघितली आणि परत ठेवली."

"मग तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"यू डिडन्ट आस्क."

३० एप्रिल, शुक्रवार

आठ दिवस लिहिलं नाही. तो दिवस पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो, पण आता मी दाराच्या बाहेर उभी असते. आतून हसण्याचा आवाज येतो. ओळखीचे आवाज, रोज शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्यांचे. आणि एक बाई दार पुढे ओढून चौकट अडवून उभी आहे, हसतेय.

मी दार ओढलं होतं हे मी स्वतःच इथे लिहून ठेवलंय. मागची पानं उलटून वाचलं. 'सुटले बाई' असं लिहिलंय. कोण सुटलं?

१४ मे, शुक्रवार

आज गेले. न कळवता, कारण कळवलं असतं तर मीच टाळलं असतं. चौथा मजला. अक्षदानं दार उघडलं आणि पूर्ण उघडलं, म्हणाली, "या ना, आत या." मला तिथेच रडू फुटलं. तिनं पाणी आणून दिलं. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे ती.

मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुला..."

तीच बोलली. "मी त्या दिवशी ब्लाउज न्यायला आले नव्हते खरं तर. ब्लाउज निमित्त होतं. सासूबाई म्हणत होत्या परत ये, मी इथेच राहायचं ठरवलं होतं. हे कुणाला तरी सांगायचं होतं. म्हटलं लीनाताईंना सांगू." मग म्हणाली, "घरी येऊन पिशवी उघडली. लाल पाइपिंग नव्हतं. तेव्हा वाटलं, हं, ह्यांनी माझं सगळं ठरवून टाकलेलं दिसतंय."

"तुला त्रास होऊ नये म्हणून गं."

"माहितेय. म्हणून तर भांडता आलं नाही."

मी विचारलं, शाळेत तू सांगितलंस का. ती चकित झाली. "मी? कुणाला? मी तर एका शब्दानं बोलले नाही. मला काय सांगायचं होतं, मला दारातून पार्सल दिलं असं?" मग एकदम लक्षात येऊन म्हणाली, "नर्मदाबाई होत्या ना आत?"

"होत्या."

"त्यांचे मिस्टर अठ्ठ्याहत्तर साली गेले, ताई. इथेच. तुम्हाला माहीत नव्हतं?"

माहीत नव्हतं. टिकली असते त्यांच्या कपाळाला. मी माझ्या हातानं त्यांना कुंकू लावलं, नमस्कार केला, आणि आकाश कोसळलं नाही. पाच मिनिटांनी त्यांच्याच डोळ्यांदेखत अक्षदाला दारातून वाटेला लावलं.

निघताना न राहवून विचारलं, "पुन्हा येशील दुकानात?"

तिनं खूप विचार केला. "नाही ताई. राग नाही, खरंच. पण बेल वाजवून दार उघडायची वाट बघत तिथे उभं राहणं मला जमणार नाही. तुम्ही इथे येत जा."

हे तिनं मनापासून म्हटलं. न येण्याचंही आणि बोलावण्याचंही.

१५ मे, शनिवार

शाळा सुटल्यावर नर्मदाबाईंना फोन केला. आधी म्हटलं, माफी मागायचीय. त्या म्हणाल्या, "कशाची?" शिक्षिकाच त्या, उत्तर पूर्ण वाक्यात लागतं. मी पूर्ण वाक्यात सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मी कुणाला तुमच्याकडे जाऊ नका म्हटलेलं नाही. टीचर्स रूममध्ये एवढंच सांगितलं, की अक्षदाला दारातून परतवलं त्या खोलीत मी बसले होते आणि मीही विधवाच आहे. पुढचं ज्यानं त्यानं ठरवलं."

"मला तुमचं माहीत नव्हतं हो."

"माहीत असतं तर मलाही दारातूनच दिलं असतं का?"

'हो' हेच खरं उत्तर होतं.

"माझ्या कपाळाला हात लावलात तेव्हा विचारलं नव्हतंत," त्या म्हणाल्या, आवाज चढवून. मग उतरवून, "आणि तिला दारात उभं केलंत तेव्हाही नाही. बाकी शिलाई चांगली आहे तुमची. सुट्टीनंतर बघू."

२० मे, गुरुवार

सुदेशला सगळं सांगितलं. आजवर त्याला दिल्लीचा टेलर, हवा, लोकांची सुट्टी, अशीच कारणं सांगत आले होते. तो जेवता जेवता थांबला. बराच वेळ ताटात बोट फिरवत होता. मला वाटलं, आता म्हणेल, करार नको.

म्हणाला, "म्हणजे चूक दुकानाची नाही. तुझी आहे."

"हो."

"मग दुकान कशाला बंद करायचं?"

तो म्हणाला, "अजून एक वर्ष. पण या खेपेला मला खरी कारणं सांगायची. हवेवर ढकलायचं नाही." आणि भाजी मागितली.

इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, उस्मान सोमवारी कराराचे कागद आणणार आहे.

३ जुलै, शनिवार

नव्या कराराचे पहिले दिवस, आणि गाव रिकामं. सगळे भारतात. पन्नास डिग्री ऊन. शाळेच्या एकतीसपैकी जाण्यापूर्वी तिघी आल्या होत्या, दर्शना त्यातली एक. नर्मदाबाई नाही. अक्षदाकडे दर गुरुवारी जाते, मापाची टेप न घेता. राजनभावजी म्हणतात, याला गिऱ्हाईक परत येणं म्हणत नाहीत. नसेल म्हणत.

आता दुकानाचं दार उघडं असतं. आतून पडदा लावलाय. थंडावा बाहेर जातो म्हणून रफीकमास्तर कुरकुरतात.

दुपारी एक नवीन बाई आली. शहरबानू, रत्नागिरीकडची, एका हॉस्पिटलात साफसफाईच्या कंत्राटावर आहे. आमच्यासारखंच मराठी बोलते, जरा हेल काढून. एकच कुर्ता शिवायचा होता, राखाडी कापडाचा. म्हणाली, "ताई, आतल्या बाजून् डावीकडं खिसा हवा. बाहेरून कळता कामा नये."

एवढ्या साध्या कुर्त्याला आतून खिसा कशाला, हे माझ्या अगदी जिभेवर आलं. मनात दोन-तीन उत्तरंही तयार झाली. पैसे ठेवायला असेल, कुणी त्रास देत असेल, बिचारी. कापड हातात घेऊन मी थांबले.

मग विचारलं, "केवढा खोल?"

तिनं आपला हात पुढे केला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं मनगटाच्या वर दोन इंचांवर खूण करून दाखवली. मी मोजलं आणि लिहून घेतलं.